चार ओळींचा राजपुत्र

माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिकेवर ‘पेपर तिसरा : आधुनिक जग’ असं छापलेलं होतं. त्यातल्या ‘जग’ या शब्दापायी माझी कॅनडातली तीन वर्षं गेली.

आम्ही कॅनडातल्या केंब्रिजला राहत होतो. नवरा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मी नागपूरच्या एका कॉलेजात नऊ वर्षं इतिहास शिकवून आले होते. बी.एड.ही झालेलं होतं. इथं हायस्कूलमध्ये शिकवायचं तर परवाना लागतो, म्हणून कागदपत्रं जोडून अप्लाय केलं. उत्तर सात महिन्यांनी आलं. पत्र अतिशय सभ्य होतं. इतिहास शिकवण्यासाठी युरोपच्या इतिहासाचा जेवढा अभ्यास लागतो, तेवढा तुमच्या कागदपत्रांत दिसत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मी फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकल्यावर एक बाई बोलायला आली.

“तिसरा पेपर युरोपचाच आहे,” मी सांगितलं. “फ्रेंच राज्यक्रांती, व्हिएन्ना परिषद, बर्लिनचा तह, सगळं त्यात आहे.”

“मॅम, इथं ‘वर्ल्ड’ लिहिलंय.”

“मग युरोप जगात येत नाही का?”

“आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन,” ती म्हणाली.

हे वाक्य त्या तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलं, की पुढं पुढं ते ऐकल्यावरच मला फ्रस्ट्रेशन यायला लागलं.

ती बाई म्हणाली, अभ्यासक्रमाची प्रत पाठवा, मग बघू. मी नागपूरला भावाला फोन केला. तो बिचारा तीनदा विद्यापीठात जाऊन आला. पहिल्यांदा ज्याच्याकडं कपाटाची किल्ली तो रजेवर. दुसऱ्यांदा किल्ली होती, पण कपाटात आमच्या वर्षाचा अभ्यासक्रम नव्हता. तिसऱ्यांदा माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं आपल्या घरातली जुनी पुस्तिका शोधून दिली आणि भावानं त्यावर विद्यापीठाचा शिक्का मिळवला. पुस्तिका मराठीत. तिचं सरकारमान्य भाषांतर करून पाठवलं. त्याला पुन्हा चार महिन्यांनी उत्तर आलं, की ‘पौर्वात्य प्रश्न’ या घटकावरून हा अभ्यास आशियाचा असल्याचं दिसतं.

पौर्वात्य प्रश्न म्हणजे तुर्कस्तानचं साम्राज्य मोडकळीला आलं तेव्हा बाल्कन देशांचं काय करायचं, हा युरोपातल्या बड्या सत्तांना पडलेला प्रश्न. आमच्याकडं बी.ए.च्या पोरालाही तो पाठ असतो. परीक्षेत हमखास येतो. मी तो नऊ वर्षं शिकवला होता आणि इथं एक माणूस त्याला आशियात ढकलून मोकळा झाला होता. मी ते पत्र नवऱ्यासमोर आपटलं.

“एक कोर्स करून टाक ना इथंच,” तो म्हणाला. “काहून भांडत बसते त्याइच्याशी?”

“मला येतं ते पुन्हा शिकू?”

“येतं तर सोपं जाईल.”

इंजिनिअर माणसाला असंच वाटतं.

तोवर मी कामाला लागले होतेच. मोटारींची सीट कव्हरं शिवणारा एक छोटा कारखाना होता, तिथं सकाळच्या शिफ्टला जायची. माझ्याकडं मागच्या सीटचं डावं अंग असे. उजवं अंग शेजारच्या मशीनवर एक पन्नाशीची बाई शिवायची. अंगानं भक्कम, हात विलक्षण चपळ, बोलणं कमी. तिला सगळे रशियन म्हणायचे, मीही तेच समजत होते. आमचं बोलणं दोऱ्यापुरतं आणि हवामानापुरतं. आठवडाभर काम असल्यामुळं मला कोर्स हवा होता तो शनिवारचा. जवळच्या युनिव्हर्सिटीत शनिवारी सकाळी भरणारा युरोपच्या इतिहासाचा एकच कोर्स निघाला, एकोणिसाव्या शतकातल्या पूर्व युरोपवर. म्हणजे पुन्हा पौर्वात्य प्रश्नच. मी तावातावानं फी भरली.

तो २००८ सालचा जानेवारी. वर्गात पंचवीस-तीस पोरं, बहुतेक माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. प्राध्यापक माझ्याहून लहान, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, बल्गेरियाबद्दल कुणाला काही माहीत आहे का? कुणीच बोलेना. मग मी उठून उभी राहिले. सॅन स्टिफॅनोच्या तहानं बल्गेरिया केवढा मोठा केला, बर्लिनच्या तहानं तो कसा कापून लहान केला, त्याचे दोन तुकडे कसे पडले, एका तुकड्यावर सुलतानाच्या नावाखाली राजपुत्र कसा बसवला, हे सगळं कलमवार सांगितलं. सांगताना मला फार बरं वाटत होतं. 

“थँक यू,” प्राध्यापक म्हणाले. “आणि इथं उभं राहायची गरज नाही.”

मागं कुणीतरी खुसखुसलं. ते मला हसले की दुसऱ्याच कशाला, देव जाणे, पण माझे कान तापले.

दुसऱ्या शनिवारी रात्रभर बर्फ पडलेलं. ड्राइव्हवे शोव्हल करून, गाडी पुसून निघेपर्यंत उशीर झाला. पोचले तर पेपरचे, म्हणजे घरून लिहून आणायच्या निबंधाचे, विषय वाटून झालेले. पोलंडचे उठाव, ग्रीसचं स्वातंत्र्य, हंगेरीची क्रांती, सगळे चांगले विषय गेलेले. यादीत तळाला एकच उरला होता : बल्गेरियाच्या पहिल्या राजपुत्राची कारकीर्द.

मी मनातल्या मनात हसले. हा राजपुत्र माझ्या नोट्समध्ये चार ओळींचा होता. त्या ओळी मला आजही तोंडपाठ आहेत. ‘बर्लिनच्या तहानंतर रशियाच्या मर्जीतील एका जर्मन राजपुत्रास बल्गेरियाची गादी देण्यात आली. तो दुर्बळ असून रशियाच्या हातचे बाहुले होता. पुढे रशियाची मर्जी खप्पा झाल्याने त्यास पदत्याग करावा लागला. यावरून बाल्कनमधील रशियाचे वर्चस्व दिसून येते.’ या ओळी मी स्वतः लिहिल्या नव्हत्या. माझ्या प्राध्यापकांनी मला सांगितल्या, त्यांना त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितल्या असणार. मी नऊ वर्षं त्या फळ्यावर उतरवून दिल्या.

लायब्ररीत त्याच्यावर दोन पुस्तकं होती. एक कुणीतरी नेलेलं, ते सत्र संपेपर्यंत परत आलं नाही. दुसरं जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचं, आतल्या पहिल्या पानावर त्याचा फोटो. दाढी, गणवेश, छातीवर पदकं आणि अगदी पोरसवदा डोळे. मी ते दोन आठवड्यांत वाचून काढलं आणि पंधरा पानांचा पेपर लिहिला. पार्श्वभूमी, कारणं, घटना, परिणाम, महत्त्व. आमच्या विद्यापीठात या उत्तराला पहिल्या वर्गाचे गुण पडले असते.

पेपर परत आला त्यावर सी प्लस होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं : तुम्हाला माहिती खूप आहे. पण तुमचं म्हणणं काय आहे?

मी त्यांच्या ऑफिसात गेले. खोली लहान, खुर्चीवरही पुस्तकं. त्यांनी ती उचलून मला बसायला जागा केली.

“यात चूक काय आहे ते सांगा,” मी म्हणाले.

“चूक काहीच नाही. तुम्ही म्हणता तो दुर्बळ होता. का म्हणता?”

“पुस्तकात आहे.”

“तुम्ही वाचलेल्या या पुस्तकात तर उलट आहे.”

ते खरं होतं. निळ्या पुस्तकातली माहिती मी घेतली होती आणि निष्कर्ष मात्र माझ्या चार ओळींतला ठेवला होता. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“मी नऊ वर्षं हा विषय शिकवलाय,” मी म्हणाले. आवाज चढला होता, तो मलाच ऐकू येत होता.

“मग तर तुमचं स्वतःचं मत असणारच,” ते शांतपणे म्हणाले. “तेच लिहा. तीन आठवडे देतो.”

पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी रडले. दुःखानं नाही, रागानं. चाळिशीच्या बाईला एक पोरगा सांगतो की तुला मत नाही, आणि तो बरोबर असतो.

घरी आल्यावर मी नागपूरच्या त्या मैत्रिणीला फोन केला. तिला म्हटलं, “अगं, आपण त्या बल्गेरियाच्या राजपुत्राबद्दल शिकवतो ना, ते चूक आहे. तो बाहुलं नव्हता गं. सगळं आयुष्य त्याचं रशियाशी भांडण्यात गेलं.”

“बरं,” ती म्हणाली. मागं कुकरची शिटी होत होती. “पण पेपरात तेवढंच येते. पोराइले जास्त सांगितलं तर गोंधळतेत.”

मी फोन ठेवला. तिच्यावर चिडायचा मला काही हक्क नव्हता. तरी चिडले.

निळं पुस्तक रिन्यू करून घेतलं आणि आता कारखान्यात नेऊ लागले, म्हणजे लंचच्या अर्ध्या तासात चार पानं होतील. एक दिवस पुस्तक टेबलावर उघडं ठेवून मी डबा गरम करायला गेले. परत आले तर ती रशियन बाई पुस्तकावर वाकलेली. तिच्या हातात पांढरं चीज लावलेला पाव तसाच. तिनं फोटोवर बोट ठेवून त्याचं नाव घेतलं, आणि ते आमच्या प्राध्यापकांच्या उच्चारापेक्षा फारच निराळं वाजलं.

“हे तू कशाला वाचतेस?” तिनं विचारलं.

“युनिव्हर्सिटीसाठी. तुला हा माहीत आहे?”

“माझा राजा आहे,” ती म्हणाली.

“तू रशियन ना?”

“बल्गेरियन. कुणी विचारलंच नाही.”

सव्वा वर्ष मी तिच्या शेजारी बसून सीटचं डावं अंग शिवत होते. मला शरम वाटली. ‘जग’ आणि ‘युरोप’ यावरून ऑफिसांशी भांडणारी मी, शेजारणीचा देश विचारायचं मला सुचलं नव्हतं.

ती डॅन्यूब नदीकाठच्या रूसे गावची. तिथल्या रेल्वे स्टेशनवर तिकीट खिडकीत तेवीस वर्षं बसली होती. मुलगा इकडं इलेक्ट्रिशियन म्हणून आला, त्यानं आईला आणलं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा तोडकं, पण त्या राजपुत्राबद्दल बोलताना ते आपोआप पुरायचं. त्या दिवसापासून आमचा लंच त्याच्यावरच जाऊ लागला.

“आम्ही शाळेत होतो तेव्हा तो पुस्तकात एवढासाच होता,” तिनं बोटाचं पेर दाखवलं. “तेव्हा रशिया आमचा मोठा भाऊ. मोठ्या भावाशी भांडला त्याच्याबद्दल किती लिहिणार? सोफियात त्याची समाधी आहे, तीही बंद असायची. मग सरकार बदललं आणि एकदम तो मोठा माणूस झाला. माझ्या मुलाच्या पुस्तकात त्याचा केवढा फोटो!”

पुस्तकातून आणि तिच्याकडून मिळून जी गोष्ट मला कळली ती अशी. तो झारच्या बायकोचा भाचा. बावीस वर्षांचा असताना त्याला गादी दिली. भाषा येत नाही, देश पाहिलेला तो फक्त लढाईत, रशियन सैन्याबरोबर. मंत्रिमंडळात आणि सैन्यात रशियन जनरल. नव्या देशाची राज्यघटना फार उदार होती, ती त्याला जाचू लागली. दोन वर्षांत त्यानं ती बाजूला सारली आणि सगळी सत्ता आपल्याकडं घेतली. मग तेच रशियन जनरल त्याच्या डोक्यावर बसले, तेव्हा ज्यांना दुखावलं होतं त्या बल्गेरियन पुढाऱ्यांशी त्यानं समेट केला आणि घटना परत आणली. मधल्या काळात रशियात नवा झार आला. तो याचा आतेभाऊ खरा, पण त्याला हा डोळ्यांसमोर नको होता. पुढं दक्षिणेकडच्या तुटलेल्या तुकड्यात उठाव होऊन तिथल्या लोकांनी एकीकरण जाहीर केलं. झारची परवानगी नव्हती. राजपुत्र तरीही गेला आणि एकीकरण स्वीकारलं. झारनं रागानं आपले सगळे अधिकारी काढून घेतले. तेवढ्यात शेजारच्या सर्बियानं हल्ला केला. बल्गेरियाकडं उरले होते नुसते तरुण कॅप्टन, आणि त्यांनी ती लढाई जिंकली.

“हा तुझा दुर्बळ!” ती म्हणायची. माझ्या चार ओळी मी तिला सांगून बसले होते, ते तिनं कधीच सोडलं नाही.

आणि वर्षाच्या आत त्याच्याच काही अधिकाऱ्यांनी रशियाच्या चिथावणीनं त्याला राजवाड्यात पकडलं, पिस्तूल दाखवून पदत्यागावर सही घेतली, बोटीत घालून नदीनं रशियाच्या हद्दीत नेऊन सोडलं. पण देश त्याच्या बाजूनं उठला. कट करणारे पळाले. त्याला परत बोलावणं गेलं. तो परतला तो तिच्या गावी, रूसेला.

“माझ्या आजीची आई तेव्हा लहान होती,” ती म्हणाली. “धक्क्यावर माणसंच माणसं. बापानं तिला खांद्यावर घेतलं होतं. सगळं गाव रडत होतं, ओरडत होतं. बोटीतून उतरला तेव्हा फार वाळला होता, असं ती सांगायची.”

“आणि मग?”

“मग त्यानं तार केली,” ती म्हणाली आणि पावाचा तुकडा डब्यात टाकून दिला.

ती तार निळ्या पुस्तकात होती. लोकांनी गादी परत दिली त्याच दिवशी, रूसेहूनच, त्यानं झारला तार पाठवली. रशियाच्या तिथल्या वाणिज्यदूताच्या सल्ल्यानं. मतलब असा, की मला मुकुट रशियानं दिला, तो रशियाच्या हाती परत द्यायला मी तयार आहे. झारनं उत्तरात त्याच्या परतण्यालाच नापसंती कळवली. झालं. आठ-दहा दिवसांत त्यानं आपण होऊन पदत्याग केला आणि देश सोडला.

“माझी आजी म्हणायची, मूर्ख माणूस,” ती म्हणाली. “सगळं गाव रस्त्यावर तुझ्यासाठी, आणि ज्यानं हाकललं त्यालाच विचारायला गेला.”

मला त्या तारेचा इतका राग आला, की दुपारभर शिवण सरळ पडेना. सुपरवायझरनं दोन कव्हरं परत पाठवली. घरी स्वयंपाक करताना मी नवऱ्याला सगळं सांगत होते. “कशाला विचारायचं? लोक तुझ्या बाजूनं, सैन्य तुझ्या बाजूनं! बसायचं ना गादीवर गप!”

“तू कोणावर चिडून राहिली?” नवरा म्हणाला. “तो मरून शंभर वर्षं झाली.”

“आई, इट्स जस्ट अ पेपर,” मुलगी म्हणाली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिला माझी सगळीच संकटं जस्ट वाटायची.

लिहायला बसले तर पहिलं वाक्यच होईना. बेसमेंटमध्ये जुन्या कॉम्प्युटरपुढं बसून मी ‘असे म्हटले जाते की’ असं इंग्रजीत लिहायचे आणि खोडायचे. कोण म्हणतं? मी. मग ‘मी’ लिहायला बोट धजत नसे. वर्गात पोरांना आम्ही शिकवलेलं, उत्तरात ‘मला वाटते’ लिहाल तर गुण कापू. तीन संध्याकाळी अशा गेल्या. चौथ्या दिवशी मी लिहिलं, की हा राजपुत्र बाहुलं नव्हता, पण बाहुलं नाही हे त्याला स्वतःला कधीच पुरतं पटलं नाही. तो प्रत्येक वेळी रशियाला नाही म्हणाला आणि प्रत्येक वेळी नंतर रशियाचा आशीर्वाद मागायला गेला. वाक्य वाचून मी घाबरले. मग त्याच्याखाली भराभर लिहीत गेले.

आजीची गोष्ट घालावी की नाही, ते प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले तळटीप द्या, ऐकीव आहे असं स्पष्ट लिहा. मला आनंद झाला. कच्चा मसुदा छापून मी कारखान्यात नेला आणि तिला दिला. म्हटलं, बघ, तुझी आजी कॅनडाच्या युनिव्हर्सिटीत आली.

तिनं तो घरी नेला, मुलाकडून वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी लंचला ती माझ्यासमोर बसली नाही. मी तिच्या टेबलाशी गेले.

“तू लिहिलंस त्यानं घटना मोडली,” ती म्हणाली.

“मोडलीच ना.”

“रशियन जनरलनं सांगितलं म्हणून.”

“सांगितलं असेल. सही त्याची होती. आणि ते त्याला स्वतःलाही हवं होतं.”

“तू काल वाचलंस आणि आज मला शिकवतेस?” तिचा चेहरा लाल झाला होता. “आधी म्हणालीस दुर्बळ. आता म्हणतेस हुकूमशहा.”

“हुकूमशहा असं मी कुठंच लिहिलेलं नाही.”

“माझा मुलगा म्हणाला, लिहिलंय.”

मी मसुदा उघडून दाखवला. तिनं पाहिला नाही. एका माणसाबद्दल दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे मला माझ्या इंग्रजीत सांगता येईना आणि तिला तिच्या इंग्रजीत ऐकता येईना. आम्ही दोघी तिथं उभ्या राहून त्याच त्याच पाच-सहा शब्दांत भांडत राहिलो. आजूबाजूची माणसं बघत होती. त्यांना वाटलं असेल दोऱ्यावरून भांडतायत.

पुढचे दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मशीनला मशीन लागून, आणि बोलणं नाही. मला एकदा वाटलं, काढून टाकावा तो परिच्छेद. कुणाचं काय बिघडणार आहे? पण तो काढला तर पुन्हा तिचा हिरो तेवढा उरत होता. माझ्या चार ओळींच्या जागी तिच्या चार ओळी. मी तो ठेवला. आजीची तळटीप मात्र काढली. तिला न विचारता ती ठेवायला मन होईना.

पेपरला ए मायनस मिळाला. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, तारेवरचा भाग उत्तम आहे. मी तो कागद घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहिले, आणि हे कुणाला दाखवावं, तेच कळेना. एकच माणूस होतं.

सोमवारी तिनं आपण होऊन विचारलं, “किती मिळाले?”

मी सांगितलं. ए म्हणजे किती चांगलं, ते तिनं विचारून घेतलं. मग मायनस कशासाठी, तेही विचारलं.

“इंग्रजीसाठी असेल,” मी म्हणाले.

“घटनेसाठी असेल,” ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं. त्यानंतर आम्ही पुन्हा एकत्र जेवू लागलो, पण राजपुत्राचा विषय दोघींनीही काढला नाही. त्यापेक्षा तिनं मला मिरच्या भाजून त्यांची चटणी कशी करतात ते सांगितलं. मला तो विषय फार आठवायचा. तिलाही आठवत असावा.

कोर्सची गुणपत्रिका मी परवान्याच्या ऑफिसला पाठवली. वाटलं, आता झालं. पाच महिन्यांनी पत्र आलं : युरोपच्या इतिहासाची अट पूर्ण झाली आहे. आता बी.एड.च्या वेळी तुम्ही वर्गात किती तास पाठ घेतले, त्याचं पत्र तुमच्या कॉलेजनं थेट आमच्याकडं पाठवावं. आमचं बी.एड.चं कॉलेज तोवर दुसऱ्या कॉलेजात विलीन झालं होतं. भाऊ पुन्हा किल्ल्यांच्या मागं लागला. मी फोनवर त्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, “ताई, मले आता सगळे ओळखतेत तिथं. चहा पाजतेत.”

त्याच वर्षाच्या शेवटी मोटारींचा धंदा बसला. नवऱ्याचा कारखाना आठवड्याला तीन दिवस चालू लागला. आमच्या कारखान्यानं आधी एक शिफ्ट बंद केली, मग आमची निम्मी लाईन. ती बल्गेरियन बाई आणि मी एकाच यादीत होतो. तिचा मुलगा कॅलगरीला कामाला गेला, ती त्याच्याबरोबर गेली. जाताना तिनं मला मिरच्यांच्या चटणीची बरणी दिली आणि पत्ता देते म्हणाली. नवा पत्ता तिलाच अजून माहीत नव्हता. कळला की फोन करते म्हणाली, आणि मग फोन आला नाही. मी तिच्या मुलाचा नंबर घेतला नव्हता. हे अजूनही मला बोचतं.

परवाना आला तो २००९च्या शरद ऋतूत. पाकिटातून काढला, फ्रेम केला, मुलीनं फोटो काढला. मग कळलं, की आमच्या भागात शिक्षकांची भरती बंद आहे. शाळांत मुलं कमी झाली होती, जुने शिक्षक रिटायर होत नव्हते, आणि इथंच शिकलेली पोरं रांगेत उभी होती. मी ज्या मुलाखतीला गेले, तिथल्या मॅडम मला म्हणाल्या, “तुमचा अनुभव फार चांगला आहे, पण तो इथला नाही.” मी त्यांना सांगितलं, इथला अनुभव इथं काम मिळाल्याशिवाय कसा येणार? त्या म्हणाल्या, त्यांना माझं फ्रस्ट्रेशन समजतं.

दोन वर्षं मी एका दुकानात पडदे शिवले. २०११च्या शेवटी बदली शिक्षकांच्या यादीत नाव लागलं. बदली शिक्षक म्हणजे ज्या शाळेत ज्या दिवशी कुणी आजारी पडेल, तिथं सकाळी फोन आल्यावर धावायचं. पहिला फोन आला तेव्हा सहा वाजले होते. विषय सांगितला नाही, फक्त शाळा सांगितली. मी इस्त्रीचा शर्ट घातला, पर्समध्ये दोन खडू टाकले, आणि इथं खडू लागत नाहीत हे आठवून काढून ठेवले.

शाळेच्या ऑफिसातल्या बाईनं मला किल्ली, शिट्टी आणि हजेरीचा कागद दिला. नववीच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा तास होता. त्यांच्या बाईंचा पाय मुरगळला होता.

“मी इतिहासाची आहे,” मी म्हणाले.

“आज कुणीच नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही नुसतं लक्ष ठेवा.”

जिममध्ये बत्तीस मुली, दोन जाळ्या आणि छताला आपटून परतणारा आवाज. एकीनं मला येऊन विचारलं, “मिस, सर्व्हिस कुणाची?” मला नियम माहीत नव्हते. मी तिला म्हटलं, “तुला काय वाटतं?” ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली त्यांची, आणि दुसऱ्या बाजूच्या मुली ओरडल्या नाही, आमची. भांडण जुंपलं. मी शिट्टी फुंकली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा वाजली, तेव्हा सगळ्या गप्प होऊन माझ्याकडं बघू लागल्या.